कावसजीचं नाक



आमच्या मनमाडच्या एका गटात एक ताई बैठकीला येतात, पण कायम मागे बसतात आणि तोंडावरचा पदर काढत नाहीत. कॅन्सरच्या ऑपरेशनात त्यांचं नाक काढावं लागलं. आजची गोष्ट त्यांच्यासाठी.

शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून आपलं नाशिक, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण गेलेलं नाक परत बसवल्याची गोष्टही आपल्याच महाराष्ट्रातली आहे, पुण्याजवळची.

कावसजी हा मराठा शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या लढाईत टिपू सुलतानाच्या माणसांनी त्याला धरलं, नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तोडली नाही, म्हणून रक्त चालू राहिलं. सांध्यावर काय लावलं? पानात घालतो तो कात, पाण्यात कालवून. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. 1794 साली लंडनच्या एका मासिकात ही हकिकत छापून आली. ती वाचून 1814 मध्ये कार्प्यू नावाच्या डॉक्टरने तिथे तसंच ऑपरेशन केलं.

कारागिराला रंगाची चिंता नव्हती, कातडी कावसजीचीच होती. पण प्रत्येकाला असं नाक करता येत नाही. मग ते बाहेरून बनवून लावावं लागतं, आणि तिथे रंग अडतो.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे चेहरे गेले. ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईने पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे केले. मुखवटा माणसाच्या तोंडावर चढवूनच ती रंगवायची. रंग असा निवडायची की ढगाळ दिवशीही चालेल आणि उन्हातही. तरी पत्रा तो पत्राच.

असं का? रात्री बॅटरी तळहाताला टेकवून लावा. हात लाल उजळतो. म्हणजे उजेड कातडीच्या आत शिरतो, रक्तामांसातून फिरून बाहेर येतो. भिंतीच्या रंगात तसं होत नाही. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटखाली साडीला जुळलेला ब्लाउजपीस घरी उन्हात वेगळाच दिसतो, हे आपल्यापैकी कुणी अनुभवलं नाही?

म्हणून आता मऊ सिलिकॉन वापरतात. रंग वरून न फासता थराथरात मिसळतात, बारीक लाल धागे घालतात, शिरांसारखे. कातडी कोणत्या रंगाचा उजेड किती परत फेकते ते यंत्राने मोजून मिश्रण ठरवता येतं. गहूवर्णी, सावळी, काळी, प्रत्येकीचं माप वेगळं. उन्हाने रंग उतरतो, म्हणून असं नाक एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं.

हे काम डेंटल कॉलेजात, दातांची कवळी बनवणाऱ्या विभागातले डॉक्टर शिकलेले असतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. तुमच्या गटात कुणी पदराआड बसत असेल, तर तिच्यासोबत एकजण चौकशीला जा. आमच्या ताईंसोबत मी जाणार आहे.

आणि नाक बसेपर्यंतही तिला पुढच्या ओळीत जागा द्या.