दोन गोळ्यांची गोष्ट

मंडळी, आजची गोष्ट दोन गोळ्यांची. एक मोठी, पिवळसर नारिंगी सल्फासॅलाझिन. दुसरी बारीकशी फॉलिक अ‍ॅसिड. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या बऱ्याच जणांच्या डब्यात ही जोडी असते. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. सूज, जखमा, शौचातून रक्त. आपल्याकडे आधी मूळव्याधच समजतात, आणि लाजेपायी कुणी धड बोलतही नाही.

पहिली गोळी खरं तर संधिवातासाठी बनली. स्टॉकहोमच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांना वाटत होतं की संधिवात जंतूंमुळे होतो. म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटी जंतूंसाठी सल्फा आणि सुजेसाठी सॅलिसिलेट, अशी दोन औषधं एकाच रेणूत जोडली गेली. झालं काय, तर कोलायटिसच्या रुग्णांना गुण आला! १९४२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

पण काम नक्की कोण करतंय? दोन मॉड्यूल जोडलेली असली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हाच प्रश्न पडतो. ऑक्सफर्डमध्ये डॉ. आझाद खान (हे बांगलादेशचे) आणि सहकाऱ्यांनी सरळ दोन्ही भाग सुटे केले. काही रुग्णांना एक भाग, काहींना दुसरा, काहींना अख्खं औषध, एनिमातून. १९७७ चा निकाल असा, की गुण सॅलिसिलेटचा. सल्फा नुसता हमाल! तो माल मोठ्या आतड्यापर्यंत नेतो, तिथले जिवाणू जोड तोडतात. बरेचसे दुष्परिणामही हमालाचेच. म्हणून आज तो कामाचा भाग मेसालामाइन नावाने वेगळा मिळतो.

जयसिंगपूरच्या माझ्या आत्याला हाच आजार आहे. ती मला म्हणाली, "रगात थांबलंय न्हवं आता? मग ह्या गोळ्या कशापायी गिळायच्या?" प्रश्न रास्त आहे. उत्तर १९६५ च्या एका इंग्लिश प्रयोगात सापडलं. बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर सल्फासॅलाझिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. औषधवाले बहुतेक ठीक राहिले, दुसऱ्या गटात बहुतेकांचं दुखणं उलटलं. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही. हे सांगितल्यावर आत्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करणार नाही म्हणाली.

आता दुसरी गोळी. सल्फासॅलाझिनमुळे अन्नातलं फोलेट नीट शोषलं जात नाही, म्हणून ती जोडीला. तिचं मूळ थेट आपल्या मुंबईत! १९२८ पासून डॉ. ल्यूसी विल्स इथे गरोदर बायकांच्या, त्यात गिरणीत राबणाऱ्याही आल्या, जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. मार्माइट या स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पुढे १९४५ च्या सुमारास भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या गटाने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं. त्याच गटाच्या कामातून फोलेटला अडवणारं मेथोट्रेक्सेट आलं, आणि १९९५ मध्ये ते क्रोन्सवर, म्हणजे कोलायटिसच्या भावंडावर, उपयोगी ठरलं.

सुब्बाराव १९४८ सालीच गेले. मुंबईतल्या त्या बायकांची तर नावंही कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या रक्तावरून जे कळलं, ते आज गावोगावच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं.