ट्युबावादकाने ऑडिशनला काय वाजवावे?
ट्युबा हे पितळी वाद्यांतले सर्वांत खालच्या सुरांचे वाद्य. कॉन्सर्ट बँडमध्ये, म्हणजे फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांच्या मोठ्या ताफ्यात, क्लॅरिनेट भरपूर असतात, ट्युबा मोजकेच. साहजिकच जागा थोड्या.

अनेक जण इथे सर्वांत अवघड रचना निवडून फसतात. राल्फ व्हॉन विल्यम्स यांचा १९५४ चा ट्युबा कन्चेर्टो सुंदर आहे, पण तो बऱ्याचदा लहान, एफ ट्युबावर वाजवतात. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या बँडमध्ये मात्र बहुधा मोठा बी-फ्लॅट ट्युबा असतो. त्यावर वरचे सूर ताणताना दम तुटला, की ऐकणाऱ्यांच्या लक्षात तेवढेच राहते.

बँडला हवा असतो भरदार सूर, पक्की लय आणि वाक्य न तोडता घेतलेला श्वास. त्यासाठी मार्को बोर्दोन्यी यांनी गायकांसाठी लिहिलेले संथ अभ्यास ट्युबावादकही वाजवतात. जोडीला एखादा ठसकेबाज, लयीचा तुकडा घ्यावा.

गुस्ताव होल्स्ट यांच्या १९०९ च्या 'फर्स्ट सूट'ची सुरुवात ट्युबा आणि युफोनियमच करतात. धून फक्त आठ बारची, तीही हळू आवाजात. कागदावर अगदी सोपी! पण सूर जरा हलला तरी झाकायला मागे कोणी नसते.

अर्थात, बँडने रचना ठरवून दिली असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. स्वतः निवडायची असेल, तर घाबरल्यावर श्वास आखूड होतो हे धरून चालावे आणि श्वासाच्या जादा जागा नोटेशनवर आधीच पेन्सिलने खुणावून ठेवाव्यात.