टीव्ही जळतो तो लाईट आल्यावर

 

जूनमधली संध्याकाळ. गंगाखेडात वावटळ सुटली, पत्रे वाजले, चार थेंब पडले आणि लाईट गेली. तासाभराने गल्लीत एकच ओरडा झाला, "आलीऽऽ!" पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला. टीव्ही मात्र गप्प. रिमोट दाबून झाला, रिमोटच्या पाठीवर दोन चापट्या मारून झाल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "पिन काढली होती का रे?"

नव्हती काढली.

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न विचारला जातो आणि आपण "हो गं आजी" म्हणून सोडून देतो. आज त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. सांगता सांगता टीव्ही सुरू करायचा प्रयत्नही करू.

आधी साधं काम. टीव्हीच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जिंग होत नसेल तर टीव्हीला दोष देऊ नका. एमसीबी पडलाय का, एक्स्टेंशन बोर्ड गेलाय का, मध्ये स्टॅबिलायझर असेल तर तोच बसलाय का, ते बघा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

सॉकेट चांगलं आहे? मग थोडं मागे जाऊ.

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. म्हातारी माणसं अजून ज्याला नुसतं "एमएसईबी" म्हणतात, तेच. 1956 ची आणखी एक गोष्ट बघा. त्या वर्षीच्या भारतीय विद्युत नियमांत लिहिलं होतं की घरगुती विजेचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली जाऊ नये. 230 धरलं तर साधारण 216 ते 244. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टीव्ही बराच उशिरा आला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, रंगीत प्रसारण 1982 मध्ये आलं, आणि 1984 च्या आसपास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. मग जानेवारी 1987 मध्ये रविवार सकाळचं 'रामायण' सुरू झालं. एका घरात टीव्ही आणि अंगणात अख्खी गल्ली. अशा वेळी लाईट गेली तर? त्या काळच्या छोट्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हींपैकी अनेक 12 व्होल्टवरही चालायचे. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि वायरी जोडायच्या. आज आपण पॉवर बँक मिरवतो. ती आयडिया आपल्या आजोबांची आहे, एवढंच सांगून पुढे जातो.

आता खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा. गंगाखेडपासून जेमतेम तीस किलोमीटरवर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. 1980 ते 1987 या काळात तिथे 210 मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. त्याला लागणारं पाणी गोदावरीचं. गंगाखेडच्या वरच्या अंगाला, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून ते जातं. म्हणजे नदी आपली, वीज शेजारची. तरीही 2005 नंतरची काही वर्षं या पट्ट्याने अंधारात काढली. राज्यात मागणी वाढली होती, निर्मिती त्या मानाने वाढली नव्हती, दाभोळचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता. जून 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. भारनियमनाचं सूत्र असं ठरलं की ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे लाईट जास्त वेळ जाणार. आकडे टाकणारा एक, बिल भरणारा दुसरा, पण फीडर दोघांचा एकच. मराठवाड्यातल्या खेड्यांनी दिवसाचे बारा-बारा तास विजेविना काढलेत. आणि 2013 च्या दुष्काळात तर पाण्याअभावी खुद्द परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं. 2015 मध्ये पुन्हा तेच.

अंधाराची सवय झाली. पण घराघरात एक गोष्ट कळून चुकली. लाईट जाताना वस्तू सहसा जळत नाही, परत येताना जळते. का? कारण लाईट आली की गावातले सगळे फ्रीज, सगळे पंखे आणि शेतात ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज धाडकन खाली जातं, मग एखादा मोठा भार सुटला की उसळी मारतं. त्याहून वाईट म्हणजे वाऱ्यात खांबावर न्यूट्रल तुटलेला असला तर. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 असतं, दोन फेजमध्ये मात्र 400 च्या आसपास. न्यूट्रल तुटला की त्यातलं किती कोणाच्या घरात येईल याचा भरवसा नाही. बल्ब पांढराफटक पेटला, पंखा भन्नाट फिरायला लागला, की विचार करत बसू नका. मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन करा.

म्हणून टीव्हीखाली स्टॅबिलायझर आला. लाकडी टेबलावर, वर क्रोशाचं कव्हर, आत रिलेची टक-टक. आणि म्हणून "पिन काढा" आलं. आधीच्या टीव्हीला खटक्याचं बटन होतं. बंद केलं की बंद. रिमोट आला तसा टीव्ही रिमोटने बंद केला तरी आतून जागा राहायला लागला. लाल दिवा म्हणजे तेच. आजीला 'स्टँडबाय' शब्द माहीत नसेल, पण अर्थ बरोबर माहीत होता.

आता आपल्या टीव्हीकडे परत येऊ. लाल दिवा लागतोय, पण चालू होत नाही? मग बऱ्याचदा आतला प्रोसेसर अडकलेला असतो. पिन भिंतीतून काढा, टीव्हीचं स्वतःचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा आणि मग लावा. दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोजून मेकॅनिकला सांगा, त्याला त्यातून बिघाड ओळखता येतो. आवाज येतोय पण पडदा काळा? अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसटशी आकृती दिसली तर बॅकलाईट गेलीय.

लाल दिवाच नाही, तर गोष्ट पॉवर सप्लायपर्यंत पोहोचली. हल्लीचे टीव्ही आत आलेल्या 230 व्होल्टचं साधारण 325 व्होल्ट डीसी करतात आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतात. तो बहुतेक वेळा 400 किंवा 450 व्होल्ट झेलेल असा असतो. बाहेरून 400 आले, तर आत 560 च्या वर जातात. तो फुगतो, फुटतो. त्याच्या आधी एक छोटा, गोल चकतीसारखा भाग बसवलेला असतो, एमओव्ही नावाचा. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः जळतो, सोबत फ्यूज उडवतो आणि मागचं सगळं वाचवतो. त्यामुळे मेकॅनिक बघितल्या बघितल्या "बोर्ड गेला, नवा टाका" म्हणाला, तर एवढंच विचारा: दादा, फ्यूज आणि एमओव्ही तपासला का? फार स्वस्तातले भाग आहेत ते. मात्र मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही तो कपॅसिटर बराच वेळ झटका देऊ शकतो.

आमच्या त्या संध्याकाळच्या टीव्हीचा फ्यूजच गेला होता. काळी पडलेली चकती मेकॅनिकने बोटांत धरून दाखवली. आजीने ती मागून घेतली, कागदात गुंडाळली आणि फ्रीजवरच्या जुन्या, बंद स्टॅबिलायझरच्या शेजारी ठेवून दिली. अजून तिथेच आहे.