अजिंठ्याची रेघ

चित्रकलेची मूलतत्त्वे शिकवणारी पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात. रेषा, आकार, प्रमाण, रंगसंगती अशी त्यांत नीटस प्रकरणे पाडलेली असतात. मला मात्र ही तत्त्वे थोडीफार उमगली ती अजिंठ्याच्या चित्रांची नक्कल करू पाहणाऱ्यांच्या हकिकतीतून. आणि ती हकिकत दुःखाचीच आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अंमलदार शिकारीच्या नादात वाघूरच्या घळीत आला, आणि जाताना दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, आपले नाव व तारीख खरडून गेला. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नकला करण्याच्या कामी नेमणूक झाली. बिचाऱ्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगांत त्या उतरवल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या भस्मसात झाल्या! गिल १८७९ मध्ये वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाऊ लागले. पेस्तनजी बमनजी त्यांतलेच. या मुलांचा हात घोटला होता तो ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवर. छायाप्रकाशाने गोलाई दाखवायची, हे त्यांचे शिक्षण. आणि समोर भिंतीवर निराळेच व्याकरण!

ते किती निराळे, हे मला पहिल्या लेण्यात कळले. वही घेऊन मी पद्मपाणीसमोर बसलो. छाया तेथे आहे, पण दबकत. सगळा भार रेषेवर. भुवईची कमान, कलती मान, निळे कमळ धरलेला हात! त्या हाताला हाड म्हणून नाही, हत्तीच्या सोंडेसारखा तो उतरतो, आणि तरीही खोटा वाटत नाही. मी शिकल्याप्रमाणे कोपराचे हाड दाखवले आणि चित्र मेले. भोवतालची माणसे बोधिसत्त्वाहून लहान. ते अंतरामुळे नव्हे, योग्यतेमुळे. प्रमाण डोळ्याने मोजायचे नसते, हे तेव्हा ध्यानात आले. अजिंठ्यानंतर कित्येक शतकांनी यशोधराने कामसूत्राच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. त्यांतले ‘प्रमाण’ मी तोवर फूटपट्टीच समजत होतो.

ग्रिफिथ्सच्या मंडळींचे काम १८८५ पर्यंत चालले. त्याच साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे आग लागून त्यांच्याही कितीतरी नकला जळाल्या. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला, एवढेच सुदैव. पण चित्रे उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर चोपडलेले व्हार्निश मात्र राहिले आणि पिवळे पडत गेले. १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी पडू पाहणारा गिलावा सावरला, पण वरून लाखेचा हात दिला. तोही पुढे काळवंडला.

माझी वही अजून आहे. तिच्यातला हात ताठच आहे.