बातमी-खेळ

बातमी-खेळ : चालू घडामोडी व सार्वजनिक प्रश्न व्हिडिओ गेमच्या रूपात मांडणारा पत्रकारितेचा प्रकार. ‘न्यूजगेम’ या नावानेही तो ओळखला जातो. लेख घटना सांगतो. बातमी-खेळ त्या घटनेमागची व्यवस्था नियमांतून उभी करतो आणि निर्णय घेता घेता ती खेळाडूच्या लक्षात येते.

इतिहास : या प्रकाराची पायाभरणी उरुग्वेचे खेळ-अभ्यासक गोन्झालो फ्रास्का यांनी केली. त्यांच्या ‘सप्टेंबर १२’ (२००३) या खेळात मध्यपूर्वेतील गजबजलेले गाव दिसते. खेळाडूच्या हाती फक्त क्षेपणास्त्र असते. दहशतवाद्यावर नेम धरला, तरी क्षेपणास्त्र पडेपर्यंत माणसे जागा बदलतात. घरे कोसळतात, निरपराध मरतात आणि त्यांच्यासाठी रडणारेच पुढे दहशतवादी बनतात. यात हार-जीत नाही.

पुढे वृत्तसंस्थांनीही हे माध्यम स्वीकारले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००७ मध्ये आयात अन्नपदार्थांच्या तपासणीवरील खेळ प्रसिद्ध केला, तो खेळ-रचनाकार इयन बोगोस्ट यांच्या कंपनीने तयार केला होता. ‘वायर्ड’ मासिकाने २००९ मध्ये सोमाली चाचेगिरीचे अर्थकारण खेळातून मांडले. ‘फायनान्शियल टाइम्स’चा ‘द उबर गेम’ (२०१७) उबर या ॲप-टॅक्सी सेवेच्या अनेक चालकांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. त्यात दोन मुले असलेल्या चालकाला घरकर्जाच्या हप्त्यासाठी आठवडाभरात एक हजार डॉलर कमवायचे असतात. आणखी एक फेरी मारावी की घरी जावे, हे खेळाडूनेच ठरवायचे.

नैतिक प्रश्न : सीरियन निर्वासितांच्या प्रवासावरील बीबीसीच्या ‘सीरियन जर्नी’वर (२०१५) लोकांच्या यातनांचा खेळ केल्याची टीका झाली. मात्र गांभीर्य विषयावर नव्हे, हाताळणीवर अवलंबून असते. खरी जोखीम नियमांत आहे. उदाहरणार्थ, उबर चालकाचा इंधनखर्च कमी धरला, की त्याचा धंदा फायद्याचा दिसू लागतो. म्हणून खेळातला प्रत्येक आकडा हे संपादकीय विधानच असते. बातमीतील दाव्याइतकीच त्याची पडताळणी व्हायला हवी आणि तो कुठून घेतला, हे वाचकाला सांगायला हवे.

जतन : अडोबी कंपनीने २०२० अखेर फ्लॅश या तंत्रज्ञानाचा आधार काढून घेतल्यावर त्यावर बांधलेले अनेक जुने खेळ ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. वृत्तपत्रांचे जुने अंक ग्रंथालये सांभाळतात. बातमी-खेळांचेही तसेच जतन होणे अत्यावश्यक आहे.