हिमाचीं चित्रें आणि चाकूचें टोक

ज्या वर्षीं थंडी कडक पडते, त्या वर्षीं पौषाच्या सुमारास महाबळेश्वराहून वेण्णा तलावाच्या आसपास दंव गोठल्याची बातमी येते आणि तिच्याबरोबर एखादें छायाचित्रहि येतें. गवताच्या पात्यांवर दुधावरल्या सायीसारखा पातळ, पांढरा थर त्यांत दिसतो. तें चित्र घरांत एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें, आणि कोणी तरी हटकून विचारतें, "हें खरेंच असें दिसत होतें, कीं मागाहून कोणीं हात फिरविला आहे?" गंमत अशी कीं, विचारणाऱ्याच्या पाठीमागें भिंतीवर आजोबांची तसबीर टांगलेली असते. तिच्यांतील सुरकुत्या स्टुडिओंतल्या कारागिरानें पेन्सिलीनें बुजविलेल्या असतात व भुवया कोरून काढलेल्या असतात. त्या तसबिरीला आपण खोटी म्हणत नाहीं. गोठलेल्या दंवाच्या चित्राकडे मात्र संशयानें पाहतों. हा भेद कोठून आला, आणि त्यांत तथ्य किती, याचा विचार करूं लागलें म्हणजे हिंवाळ्याचीं चित्रें काढणाऱ्या हौशी माणसांचा एक जुना वाद आठवतो. त्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीत हें काम हौसेचें असलें तरी सोयीचें मुळींच नव्हतें. १८५१ सालापासून प्रचारांत आलेल्या पद्धतींत कांचेवर ओलें द्रावण चढवावें, तें वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावें आणि लगेच अंधारांत जाऊन तें धुवावें, असा खटाटोप असे. चित्रकाराबरोबर त्याचा काळोखी तंबूहि हिंडे. १८७१ सालीं इंग्लंडांत रिचर्ड मॅडॉक्स यानें जिलेटिनाच्या कोरड्या कांचेची कल्पना मांडली, आणि पुढील दहा वर्षांच्या आंत अशा तयार कांचा दुकानांत मिळूं लागल्या. १८८८ सालीं कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला. आतां शाळामास्तरानें, कारकुनानें किंवा शेतकऱ्यानें आपल्या अंगणांतलें चित्र आपल्या सवडीनें घ्यावें, यास कोणाची आडकाठी राहिली नाहीं.

परंतु अंगणांत बर्फ पडलें असेल तर मात्र अडचण उभी राही. त्या काळच्या कांचा निळ्या प्रकाशास फार लवकर भुलत आणि तांबड्यास जवळ जवळ आंधळ्या असत. त्यामुळें आभाळ आणि बर्फ हीं दोन्ही कागदावर सारखींच कोरीं उमटत. मधलीं झाडें तेवढीं काळीं दिसत. आभाळाची ही अडचण फ्रान्सांतील गुस्ताव्ह ले ग्रे यानें समुद्राच्या चित्रांत १८५६ च्या सुमारास एका युक्तीनें सोडविली होती. समुद्र एका कांचेवरून व ढग दुसऱ्या कांचेवरून घेऊन तो दोन्ही एकाच कागदावर छापी. म्हणजे चित्रावर मागाहून संस्कार करणें हा नंतरच्या लोकांचा चोचला नसून साधनाच्या अपुरेपणावरचा तो एक जुना उपाय होता. डोळ्यांनीं जें पाहिलें तें कांच देत नाहीं, म्हणून हातानें तिला मदत करावयाची. आतां ही मदत कोठपर्यंत करावी, हाच वादाचा मुद्दा.

अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत जेरिको नांवाचें खेडें आहे. तेथें एका शेतकऱ्याच्या घरीं ९ फेब्रुवारी १८६५ रोजीं विल्सन बेंटली याचा जन्म झाला. आई पूर्वीं शिक्षिका होती. मुलाचें बहुतेक शिक्षण तिनेंच घरीं केलें. तिच्याकडून पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यास एक जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र मिळालें. त्याखालीं त्यानें हिमाचा कण धरला आणि तो आयुष्यभर त्याच नादांत राहिला. प्रथम तो या कणांचीं चित्रें हातानें काढूं लागला. पण चित्र अर्धें होतें न होतें तोंच कण विरघळून जाई. शेवटीं बापानें मन मोठें करून त्यास कॅमेरा व चांगलें सूक्ष्मदर्शक घेऊन दिलें. बापाला स्वतःला हा उद्योग वेडगळच वाटे, आणि शेजारीपाजारीहि हंसत. तरी पण १५ जानेवारी १८८५ रोजीं, विसाव्या वर्षीं, बेंटलीनें एकट्या हिमकणाचें छायाचित्र सूक्ष्मदर्शकांतून घेण्यांत यश मिळविलें.

त्याची रीत मोठी साधी व तितकीच चिकाटीची होती. बर्फ पडूं लागलें कीं तो काळी फळी घेऊन बाहेर उभा राही. तिच्यावर पडलेल्या कणांतून मनाजोगा एखादा निवडून, केरसुणीच्या काडीनें तो हलकेच कांचेच्या पट्टीवर घेई आणि पिसानें दाबून बसवी. हें सर्व शेकोटी नसलेल्या थंडगार खोपट्यांत, श्वास आवरून करावें लागे. कारण तोंडाच्या वाफेनेंहि कण नाहींसा होई. यंत्र इतकें लांब होतें कीं पाठीमागून पाहतांना पुढील खिळीपर्यंत हात पोंचेना, म्हणून त्यानें चाक व दोरी लावून ती फिरविण्याची सोय केली. मग खिडकींतून येणाऱ्या उजेडांत दहा सेकंदांपासून शंभर सेकंदांपर्यंत कांच उघडी ठेवावयाची. अशा तऱ्हेनें १९३१ पर्यंतच्या हिंवाळ्यांत त्यानें पांच हजारांहून अधिक कण टिपले.

आतां चाकूचा प्रसंग येतो. हिमकण पारदर्शक, त्याच्या पाठीमागून उजेड सोडला म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुसट करडी आकृति दिसे, व तिची कड डोळ्यांस नीट समजत नसे. म्हणून बेंटली मूळ कांचेची दुसरी प्रत करी, आणि त्या प्रतीवर कणाच्या भोंवतालचा सर्व लेप चाकूच्या टोकानें खरवडून काढी. खरवडलेली जागा कागदावर काळी कुळकुळीत उमटे आणि तिच्यावर हिमाचें षट्कोणी फूल झळाळून दिसे. एकेका चित्रास यांत तासचे तास जात. आज जगांत बेंटलीचीं म्हणून जीं चित्रें प्रसिद्ध आहेत, त्यांचा तो मखमली काळोख त्याच्या चाकूनें निर्माण केलेला आहे.

त्याच सुमारास जर्मनींत बर्लिन येथें गुस्टाव्ह हेल्मान हा हवामानशास्त्रज्ञ व रिचर्ड नॉयहाउस हा छायाचित्रणांत प्रवीण असलेला डॉक्टर, असे दोघे याच कामांत गुंतले होते. हेल्मानचें हिमस्फटिकांवरील पुस्तक १८९३ सालीं निघालें; त्यांतील सूक्ष्मचित्रें नॉयहाउसचीं होतीं. तोंपर्यंत लोकांस हिमकण माहीत होते ते हातांनीं काढलेल्या आकृतींवरून. कण विरघळण्यापूर्वीं एक पाकळी नीट पाहावी आणि बाकीच्या पांच तिच्यासारख्याच असणार असें धरून चालावें, हा मोह चित्रकाराला आवरणें कठीण. बर्लिनच्या छायाचित्रांत मात्र एक पाकळी आंखूड, दुसरी मोडकी, तिसरी वांकडी, असे कण दिसूं लागले. यंत्राचा डोळा सृष्टीस भूमितीचे धडे देत बसत नाहीं, ही गोष्ट त्या दोघांस फार मोलाची वाटली. म्हणून बेंटलीचीं रेखीव चित्रें पाहतांच नॉयहाउस चिडला. या माणसानें कणांच्या कडा छाटून त्यांची मोडतोड केली आहे, असा त्याचा आक्षेप होता. बेंटलीचें उत्तर असें कीं, चित्र निसर्गाशीं जितकें जुळेल तितकें चांगलें, आणि तें जुळण्यास हाताची मदत होत असेल तर ती घेण्यांत कांहींच गैर नाहीं.

या वादांत न्याय कोणाच्या बाजूस आहे? आम्हांस वाटतें, चाकूपुरतें पाहिलें तर बेंटलीचें पारडें जड आहे. तो आपली रीत लपवीत नसे. मासिकांतून ती तपशीलवार लिही. चाकू चाले तो प्रतीवर; मूळ कांच शाबूत राही. त्याच्या कांचांचा संग्रह बफेलो येथील विज्ञान-संग्रहालयांत आहे. कणाच्या अंतर्भागाला तो हात लावीत नसे. कड कोठें संपते हें ठरविणें त्याच्या डोळ्यावर अवलंबून राही, व तेथें चूक होण्याचा संभव होता, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

पण नॉयहाउसची शंका एका दुसऱ्या जागीं खरी होती, आणि ती जागा चाकूच्या फार अलीकडे, त्या काळ्या फळीवर होती. फळीवर पडलेल्या असंख्य कणांपैकीं बेंटली उचली तो सुंदर कण. तुटके, एकमेकांस चिकटलेले, बेढब कण बहुधा तसेच विरघळून जात. खरवडणें डोळ्यांस दिसतें, त्यावर वाद होतो. वगळणें दिसत नाहीं, म्हणून त्यावर वादहि होत नाहीं. बेंटलीचें मोठें पुस्तक हम्फ्रीज या शास्त्रज्ञाच्या साह्यानें १९३१ सालीं निघालें. त्यांत दोन हजार चारशेंहून अधिक चित्रें आहेत. तें चाळणाऱ्यास आभाळांतून केवळ सहा पाकळ्यांचीं फुलेंच पडतात असें वाटलें, तर त्याचा दोष नाहीं. जपानांत होक्काइडो बेटावर उकिचिरो नाकाया यानें पुढें हजारों नैसर्गिक कण तपासले, तेव्हां अनियमित कणांची संख्याच मोठी असल्याचें दिसून आलें. त्यानें बेढब कणांसहि आपल्या वर्गवारींत जागा दिली. १९३६ सालीं प्रयोगशाळेंत सशाच्या केसावर त्यानें कृत्रिम हिमकण वाढविला, आणि उष्णमान व हवेंतील बाष्प यांच्या प्रमाणावर कणाचा आकार ठरतो हें दाखवून दिलें. तथापि हा नाकायाहि बेंटलीच्या पुस्तकानेंच या विषयाकडे ओढला गेला होता. सुंदर तेवढेंच निवडणाऱ्या एका शेतकऱ्यानें सर्व कण पाहणाऱ्या शास्त्रज्ञास वाट दाखविली, असा हा योग आहे.

बेंटलीच्याच वयाचा दुसरा एक मनुष्य त्याच देशांत हिंवाळ्याचें चित्र काढीत होता. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा १८६४ सालीं जन्मला व जर्मनींत शिकून १८९० सालीं न्यूयॉर्कला परतला. फेब्रुवारी १८९३ मध्यें भर हिमवादळांत, हातांत धरावयाचा लहान कॅमेरा घेऊन तो फिफ्थ अॅव्हेन्यूवर सुमारें तीन तास उभा राहिला. समोरून बर्फ तुडवीत घोड्यांची गाडी आली तेव्हां कुठें त्यानें कळ दाबली. हातचा कॅमेरा म्हणजे पोरखेळ, असा त्या वेळीं पुष्कळ जाणत्यांचा समज होता. त्याच्या मंडळांतील सभासदांसहि ती कांच पुसट व टाकाऊ वाटली, असें तो पुढें सांगत असे. त्यानें कांचेचा थोडासाच भाग निवडून बाकीचा सोडून दिला आणि तेवढाच मोठा करून छापला. कांचेचा मोठा भाग सोडून देणें हेंहि छाटणेंच. तरी या चित्रास कोणी खोटें म्हटलें नाहीं. कारण 'न्यूयॉर्कचा रस्ता मोजून पाहा' असा दावा तें करीत नव्हतें. त्या दिवशींचा गारठा आणि त्या गाडीवानाचे कष्ट तें सांगत होतें, आणि तेवढ्यापुरतें तें खरें होतें. आजोबांच्या तसबिरीला आपण माफी देतों तिचेंहि कारण हेंच. ती माया सांगते, वय सांगत नाहीं. हिमकणाचें चित्र मात्र 'सृष्टींत असें आहे' असें सांगतें, म्हणून त्याची परीक्षा अधिक कडक.

ही परीक्षा करावयाची कोणीं? या इतिहासांत तिचें उत्तर आहे: ज्यांनीं स्वतः तोच उद्योग केला त्यांनीं. हौशी मंडळींचा पूर्वापार रिवाज चित्रें आपसांत वाटण्याचा आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत कांहीं हौशी गृहस्थांनीं एक मंडळच काढलें होतें. त्यांतील प्रत्येकानें ठरलेल्या मुदतीनें आपलीं चित्रें इतरांस टपालानें पाठवावयाचीं असा नियम होता. आपल्याकडेहि मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि १८५६ पासून हौशी लोकांच्या चित्रांचें एक मासिक संपुट तेथून प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांत छापील ठशांऐवजीं खरीं छायाचित्रें चिकटविलेलीं असत. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या मुंबईच्या संस्थेंतले एक नामांकित छायाचित्रकार. बेंटलीहि आपल्या चित्रांच्या कांचा मागेल त्यास पांच सेंटांस देई. त्यावर तो श्रीमंत झाला नाहीं. चित्राबरोबर कृति सांगणें हा या वाटण्याचा गाभा होय. कृति सांगितली म्हणूनच बर्लिनच्या डॉक्टरास आक्षेप घेतां आला, आणि आक्षेप घेतला म्हणूनच आपणांस चाकू कोठें चालला हें आज कळतें.

आज परिस्थिति उलटी झाली आहे. प्रत्येकाच्या खिशांतील यंत्र विचारल्याशिवाय आभाळ निळें करतें, बर्फ उजळ करतें, आणि आपण काय केलें तें सांगतहि नाहीं. संस्कार करणें पूर्वींपेक्षां सोपें झालें. कृति सांगणें मात्र मागें पडलें. तेव्हां पुढल्या पौषांत वेण्णा तलावाचें गोठलेलें दंव कोणी पाठविलें, तर 'हात फिरविला आहे का?' या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे अशी आमची सूचना आहे: 'कोठें फिरविला?' आणि 'फळीवरून काय टाकून दिलें?' पाठविणाऱ्यास उत्तर ठाऊक असेल व तो तें मोकळेपणीं देईल, तर त्या चित्रावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

बेंटलीनें २३ डिसेंबर १९३१ रोजीं जेरिकोच्या त्याच घरांत देह ठेविला. थोड्याच दिवसांपूर्वीं तो बर्फाच्या वादळांतून कित्येक मैल चालत घरीं आला होता, व त्यांतून त्यास फुफ्फुसाचा दाह झाला. त्याचें पुस्तक त्याच वर्षीं छापून निघालें होतें.