बी पेशीत सापडला, घरोघरी निघाला

उन्हाने पोळलेली कातडी आणि दूषित अन्नाने बिघडलेले पोट यांची दुखणी वेगळी, औषधे वेगळी, डॉक्टरही वेगळे. पण त्या त्या जागच्या पेशींच्या आत डोकावले, तर पहिल्या काही मिनिटांत दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच घडते. पेशीद्रव्यात नुसते बसून असलेले एक प्रथिन केंद्रकात शिरते, डीएनएवरची ठरावीक जागा धरते आणि दाहाची जनुके चालू करते. या प्रथिनाचे नाव एनएफ-कप्पा-बी. दाह, पेशींवरचा ताण किंवा कर्करोग यांवर काम करणाऱ्या संशोधकाची त्याच्याशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी ते शोधले, ते मात्र ना दाहाच्या मागावर होते, ना कातडी-आतड्याच्या.

गोष्ट १९८६ सालची, अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या व्हाइटहेड संस्थेतली. रंजन सेन तिथे डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. बाल्टिमोर यांना १९७५ सालीच नोबेल मिळाले होते. दोघांपुढचा प्रश्न प्रतिपिंडांचा होता. प्रतिपिंडाच्या रेणूत एक हलकी साखळी असते, तिच्या एका प्रकाराला कप्पा म्हणतात. कप्पाचे जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते, पण ते चालते फक्त प्रतिपिंडे घडवणाऱ्या बी पेशींत. याचा अर्थ बी पेशींच्या केंद्रकात असे काहीतरी असले पाहिजे, जे त्या जनुकाला जागे करते.

ते शोधण्याची पद्धत डोळ्यांना दिसेल अशी होती. कप्पा जनुकाजवळच्या डीएनएचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला किरणोत्सारी फॉस्फरस जोडायचा आणि पेशींच्या केंद्रकांतून काढलेल्या अर्कात तो मिसळायचा. मग ते मिश्रण जेलच्या पातळ थरात वरच्या टोकाला घालून वीज सोडायची. मोकळा डीएनए हलका, तो सरसर खाली धावतो. ज्या तुकड्याला प्रथिन चिकटले तो जड होतो आणि मागे रेंगाळतो. जेलवर एक्स-रे फिल्म ठेवली की खाली मोकळ्या डीएनएचा गडद डाग उमटतो आणि वर कुठेतरी एक बारीक आडवी पट्टी. ती पट्टी म्हणजे प्रथिनाचा पुरावा. बी पेशींच्या अर्कात ती दिसली, इतर पेशींच्या अर्कात दिसली नाही. डीएनएवर प्रथिन बसत होते ती जागा जेमतेम दहा अक्षरांची: जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी. केंद्रकात सापडलेला, कप्पाशी बांधला जाणारा, बी पेशींतला घटक म्हणून नाव पडले एनएफ-कप्पा-बी.

त्याच वर्षाच्या अखेरीस याच दोघांचा दुसरा निबंध आला आणि हा घटक फक्त बी पेशींचा, हा पहिल्याचा निष्कर्ष मोडीत निघाला. पूर्ण वाढ न झालेल्या बी पेशींत ही पट्टी दिसत नव्हती. त्यांना जिवाणूंच्या कवचातला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ दिला, तर ती उमटली. प्रथिने घडवण्याचे काम बंद पाडणारे रसायन दिले, तरीही उमटली. म्हणजे घटक नव्याने तयार होत नव्हता, तो पेशीत आधीपासून होताच. पुढे टी पेशींना आणि हीला पेशींना जमालगोट्याच्या तेलातून मिळणारे फॉर्बॉल एस्टर दिले, तर तिथेही पट्टी आली. जमालगोट्याचे तेल कातडीला लागले की तिथे आग होते, ती याच पदार्थामुळे.

हीला पेशींचा रक्ताशी किंवा प्रतिपिंडांशी काही संबंध नाही. त्या अभिस्तर पेशी, म्हणजे शरीराच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांवर अस्तर धरणाऱ्या. १९५१ च्या फेब्रुवारीत मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या तिशीतल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा काढला गेला आणि त्यांना न विचारता तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्याआधी मानवी पेशी काचेत फार दिवस टिकत नसत. या हीला पेशी मात्र चोवीस तासांत दुप्पट होत राहिल्या. लॅक्स त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. त्यांच्या पेशी जगभर गेल्या, पण घरच्यांना वीसेक वर्षे याचा पत्ता नव्हता. एका कंपनीने त्यांच्या वारसांशी तडजोड केली ती थेट २०२३ साली. मानवी अभिस्तर पेशींवरच्या दाहसंशोधनाचा पाया या स्त्रीच्या देहातून आला आहे, हे या कुळकथेत ठळकपणे नोंदवलेच पाहिजे.

घटक आधीपासून आहे, तर मग तो गप्प का बसतो? १९८८ साली पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी याचा छडा लावला. शांत पेशींचे पेशीद्रव्य घेऊन त्यात त्यांनी डिऑक्सिकोलेट मिसळले. पित्तात सापडणारा हा साबणासारखा पदार्थ प्रथिनांची एकमेकांवरची पकड सैल करतो. तो पडताच गप्प घटक कामाला लागला. त्याला धरून ठेवणारे दुसरे प्रथिन तिथे होते. त्याचे नाव आय-कप्पा-बी, आणि ही त्याची वेसण. धोक्याची खूण मिळाली की वेसण सुटते आणि घटक केंद्रकाकडे धावतो. नवे प्रथिन घडवत बसायचे तर वेळ गेला असता, हे काम काही मिनिटांत होते.

१९९० साली या प्रथिनाचे जनुक हाती आले, तेव्हा त्याचे गणगोतही उघड झाले. टर्की कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतले रेल हे जनुक त्याचे नातलग निघाले. फळमाशीच्या भ्रूणात पाठ कुठली आणि पोट कुठले हे ठरवणारे डॉर्सल प्रथिनही त्याच घराण्यातले. माशी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, त्याच्याही आधीपासून हे कुळ चालत आले आहे.

अभिस्तर पेशींकडे तोवर बहुतेक जण नुसती भिंत म्हणून पाहत. लढाई रक्तातल्या पेशींची, अस्तराने फक्त अडवायचे. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे लार्स एकमान, मार्टिन कॅग्नॉफ आणि जोशुआ फायरर यांनी मानवी आतड्याच्या अभिस्तर पेशींत सालमोनेलासारखे जिवाणू घुसू दिले. त्या पेशींनी इंटरल्यूकिन-८ सोडले. हे प्रथिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना ओढून आणते, आणि त्याच्या जनुकाशेजारी एनएफ-कप्पा-बीची जागा आहे. अस्तर स्वतःच हाक देत होते.

त्याच वर्षी मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेने ताणाची बाजू उलगडली. अतिनील किरणांनी डीएनए तुटतो, म्हणून हा इशारा तुटलेल्या डीएनएकडून येत असणार, असा सर्वांचा समज होता. त्यांनी पेशींमधून केंद्रकच काढून टाकले. डीएनए नसलेल्या त्या पेशींवर किरण सोडले, तरी एनएफ-कप्पा-बी जागा झाला. इशारा पेशीच्या कडेला, पटलापाशी सुरू होत होता. जिवाणू असो की किरण, वेसण सोडण्याची जागा तीच.

ती सोडतो कोण, हे १९९६ ते १९९८ या काळात अनेक प्रयोगशाळांच्या चढाओढीतून कळले. आयकेके नावाचे विकर आय-कप्पा-बीला दोन जागी फॉस्फेट लावते. त्या खुणेवर युबिक्विटिनची माळ चढते आणि पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. आयकेकेच्या जोडीला निमो हे प्रथिन लागतेच, आणि त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते.

निमो बिघडला तर काय होते, हे माणसाच्या कातडीवर लिहिलेले होते. इनकॉन्टिनेन्शिया पिग्मेन्टाय या दुर्मीळ आजारात नवजात मुलीच्या हातापायांवर आणि अंगावर बारीक फोडांच्या रेघा उठतात. त्या खरखरीत होतात, मग तिथे तपकिरी वळसे उरतात आणि ते हळूहळू फिकटतात. २००० साली एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवले की कारण निमोचे जनुक आहे, आणि बहुतेक रुग्णांत त्याचा एकच ठरावीक तुकडा गळालेला असतो. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स चालू असते, म्हणून बिघडलेल्या आणि चांगल्या पेशींचे पट्टे कातडीवर शेजारी शेजारी दिसतात. मुलग्यांकडे दुसरे एक्स नसते, त्यामुळे असा गर्भ बहुधा जगत नाही.

यात एक कोडे होते. दाहाचा इशारा बंद पडला, तर दाह कमी व्हायला हवा. इथे उलट फोड येत होते. २००७ साली मानोलिस पास्पाराकिस यांच्या गटाने उंदरांच्या फक्त आतड्याच्या अस्तरातून निमो काढला, तेव्हा त्या उंदरांना मोठ्या आतड्याचा तीव्र दाह जडला. एनएफ-कप्पा-बी दाहाबरोबरच पेशीला जगवणारी जनुकेही चालू करतो. तो नसला की अस्तराच्या पेशी मरतात, भिंतीला भगदाडे पडतात, जिवाणू आत शिरतात आणि दाह पेटतो.

वेसण पुन्हा घातली कशी जाते, हे २००४ साली लिव्हरपूल विद्यापीठात मायकेल व्हाइट यांच्या गटाने चित्रित केले. मानवी पेशींतल्या या घटकाला त्यांनी चमकणारे प्रथिन जोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली टीएनएफ हा दाहाचा संदेश दिला. चमक केंद्रकात गोळा झाली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. सुमारे १०० मिनिटांनी एक फेरी. केंद्रकात गेल्यावर हा घटक ज्या जनुकांना जागे करतो, त्यांत आय-कप्पा-बीचे जनुकही असते. म्हणजे तो आपली वेसण स्वतःच बनवून घेतो.

औषधे या वाटेवर आधीच येऊन पोचली होती. १९९४ साली येलमध्ये शंकर घोष यांच्या गटाने दाखवले की ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत हा इशारा दाबते. पुढच्याच वर्षी दोन गटांनी सांगितले की स्टेरॉइड काही पेशींत आय-कप्पा-बी वाढवतात. हळदीतल्या कर्क्युमिनने हा घटक दबतो, असे निबंधही १९९० च्या दशकापासून आले आणि हळदीच्या कॅप्सूल विकायला त्यांचा भरपूर उपयोग झाला. पण त्यातले काही निबंध मागे घेतले गेले. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे जाते, लवकर मोडते आणि चाचण्यांचे निकालही बिघडवते, असे २०१७ च्या एका सविस्तर आढाव्याने दाखवून दिले.

आयकेकेवर नेमका घाव घालणारी संयुगे औषध कंपन्यांनी पुष्कळ बनवली. दुकानापर्यंत त्यातले एकही पोचले नाही, कारण सगळीकडचा इशारा एकदम बंद केला की अस्तरही उघडे पडते. आता या इशाऱ्याचे संशोधन कर्करोगाच्या पेशींपलीकडे साध्या पेशींकडेही वळले आहे. २००९ साली तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या मूळपेशींपासून काचेत इवलेसे आतडे वाढवले, आणि दोन वर्षांत ते मानवी पेशींनाही जमले. आतड्याच्या दीर्घ दाहाने त्रस्त रुग्णाच्याच पेशींचे असे अस्तर आज वाढवता येते. तोच इशारा तिथे कुठवर राखण करतो आणि कुठून पुढे इजा करू लागतो, याचा माग संशोधक घेत आहेत.